निळी रेघ, तीन ठिपके

परवा सकाळी दार उघडलं तर आधी वास आत आला आणि मागून शेजारची पद्मम्मा. हातात फुगलेली पिशवी. "स्वल्पच आणल्यात," म्हणाली, आणि स्वल्प म्हणता म्हणता निम्मं टेबल शेंगांनी भरून टाकलं. अवरेकाई आली! आम्हा बेंगळुरूच्या लोकांना थंडी पडल्याचं कॅलेंडर सांगत नाही. जयनगरच्या फूटपाथवर हिरवे ढीग लागले, बोटांना तो तेलकट, उग्र वास चिकटला, की समजायचं. त्या वासाला इथं सोगडू म्हणतात. मराठीत त्याला शब्द नाही, आणि इतक्या पिढ्या इथं काढून आम्ही तो शोधायच्या भानगडीतही पडलो नाही. दव जेवढं जास्त पडेल तेवढा सोगडू जास्त. साबणानं हात धुतले तरी जात नाही, आणि जाऊ नये असंच वाटत असतं.

यंदा मात्र तो वास आला आणि मला मागचा हंगाम आठवला. पद्मम्माच्या लक्षात आलं असावं. ती काही विचारणार तोच मी "सरी, सरी, ठीक, बसा हो, कॉफी करते" म्हणून आत पळाले. स्वयंपाकघरात अक्का उभी होती. तिनं नाक वर करून वास घेतला आणि लहान मुलीसारखी हसली. मला ते हसू बघवेना.

आमच्या घरी अवरेकाई सोलायची ती टीव्हीसमोर. दुपारी शेंगांतून दाणे काढून पाण्यात टाकायचे आणि संध्याकाळी फुगलेला एकेक दाणा चिमटीत दाबून सालीतून उडवायचा. ह्या सोललेल्या दाण्यांना हितकबेळे म्हणतात, आणि त्यांचं सारू ज्यानं खाल्लं नाही त्यानं बेंगळुरूला येऊन केलं काय, असं माझं स्पष्ट मत आहे. नेम चुकला की दाणा थेट टीव्हीवर जाऊन आपटतो. नेमका त्याच वेळी कन्नड वाहिनीवर सामान्यज्ञानाचा कार्यक्रम लागतो, त्यामुळे त्या निवेदकाच्या कपाळावर आजवर आमचे किती दाणे बसले असतील ह्याची त्या बिचाऱ्याला कल्पनाही नसेल. घरचा नियम असा, की पडद्यावर पर्याय यायच्या आत उत्तर ओरडायचं. आमचे हे क्रिकेटचं ओरडतात, मी सिनेमाचं आणि खाण्यापिण्याचं, रविवारी सून आली की ती कंपन्यांचं आणि फोनमधल्या गोष्टींचं. उरलेलं सगळं जग अक्काचं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिनं लग्न केलं नाही. "आमच्या थोरलीनं भूगोलाशी लग्न लावलंय," असं अप्पा पाहुण्यांना सांगायचे आणि ती रागानं लाल व्हायची. जन्मभर तिनं सरकारी शाळेत कन्नडमधून भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडे राहायला आली. तिची शिकवायची तऱ्हा वेगळी होती. फळ्यावर देशाची आकृती ती आधी कधीच काढायची नाही. आधी नद्या. कोऱ्या फळ्यावर निळ्या खडूनं एक वाकडीतिकडी रेघ ओढायची आणि वर्गाला विचारायचं, "कोण आलं?" वर्ग ओरडणार, "तुंगभद्रा!" मग दुसरी रेघ, तिसरी रेघ. सगळ्या नद्या वाहायला लागल्या की शेवटी त्यांच्याभोवती राज्यं आणि समुद्र. "पाणी आधी होतं. राज्यं मागून आली," हे तिचं ठरलेलं वाक्य. मला तिनं लहानपणी असंच शिकवलं, फक्त खडूऐवजी भिजलेल्या अवरेकाईच्या दाण्यांनी, ताटात. कृष्णेला फार दाणे लागायचे. कावेरी थोडक्यात व्हायची, पण तिच्यात तीन जागी दोन-दोन दाणे शेजारी ठेवून बेटं करावी लागायची. एकदा मी गंगा करता करता खाऊन टाकली म्हणून मार खाल्लेला मला चांगला आठवतोय.

अप्पा रोज पूजेला बसले की संकल्प म्हणायचे. त्यात आपण कुठे बसलोय ते देवाला सांगायचं असतं. अप्पा खणखणीत आवाजात म्हणायचे, "गोदावर्याः दक्षिणे तीरे." एकदा अक्कानं, असेल तेव्हा परकरात, त्यांना मध्येच अडवलं. "अप्पा, आपल्या तांब्यात पाणी कावेरीचं आहे. गोदावरी कुठे आली?" आई कपाळाला हात लावून बघत राहिली. अप्पा मात्र रागावले नाहीत. म्हणाले, "अगं, आपले लोक तिकडून आले. देवाकडे आपला जुनाच पत्ता आहे. बदलला तर त्याला आपण सापडायचो नाही." त्यावर ही बया म्हणाली, "पण मग गोदावरीच्या दक्षिणेला तर श्रीलंकासुद्धा आहे." अप्पा इतके हसले की पूजा पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. बेंगळुरूच्या किती मराठी घरांत आजही रोज सकाळी कावेरीचं पाणी हातात घेऊन गोदावरीचं नाव घेतलं जात असेल! आम्हाला त्यात काही चुकतंय असं कधी वाटलं नाही.

तर त्या हंगामात, म्हणजे मागच्या अवरेकाईच्या दिवसांत, सून जेवायला आली होती. केतकी पुण्याची. ती आणि आमचा निखिल सर्जापूर रोडला राहतात. मोठं चकचकीत घर आहे, पण नळाला पाणी टँकरचं. आमच्याकडे आली की आधी नळ सोडते आणि म्हणते, "आई, तुमच्याकडे कावेरी आहे, तुम्ही खरंच लकी आहात." मुलगी गुणाची, फक्त अवरेकाईला पावटे म्हणते. मी दर वेळी तिला सुधारते आणि ती दर वेळी विसरते. त्या दिवशी आम्ही चार-पाच जण परातीभोवती बसलो होतो, टीव्ही चालू होता, आणि अक्का अचानक म्हणाली, "केतकी, ह्या कार्यक्रमात माझं नाव घाल."

आम्ही उडालोच! शाळेच्या संमेलनात स्टेजवर हार घ्यायला जायचं म्हटलं तरी घाम फुटणारी ही बाई. हे म्हणाले, "अक्का, आता बोला! आता बघा कशी मजा येते!" केतकीनं तिथल्या तिथं फोनवर नाव घातलं. पुढे फोन आले, चाचण्या झाल्या, आणि अक्काची निवड झाली. चित्रीकरण बेंगळुरूतच, शहराबाहेरच्या एका स्टुडिओत होतं. सोबत कुणाला तरी नेता येतं म्हणाले, मी तर कुठली साडी नेसायची तेही ठरवलं होतं. अक्कानं साफ नाही म्हटलं. "तुझा चेहरा बघितला की मला उत्तर कळेल. मला ते नकोय." मी म्हटलं, अगं पण ते तर बरंच नाही का? ती उठून आत गेली. मला राग आला, लपवत नाही. माझी मोरपिशी साडी तशीच कपाटात राहिली.

संध्याकाळी परत आली ती शांत. काय झालं म्हणून विचारलं तर, "झालं." पुढे? "सांगायचं नसतं. कार्यक्रम दाखवीपर्यंत बोलायचं नाही असं कबूल करून घेतात." मग काय, आमचं घर नुसतं तडफडत राहिलं. हे सकाळी पेपरआडून बाण सोडायचे, "अक्का, मोठ्या लोकांत बसायला लागल्या, आम्हाला काय सांगतील?" पद्मम्मा रोज कुंपणावरून विचारायची. अक्का हसायची आणि दाणे सोलायची. एवढं मात्र माझ्या लक्षात आलं, की टीव्हीवर प्रश्न आला की ती आता ओरडायची नाही. आम्ही ओरडलो की आमच्या तोंडाकडे बघायची. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, "बघा, बाई आता आपल्यात खेळत नाहीत. भाव वाढला." ह्यांनी टाळी दिली.

कार्यक्रम दाखवायचा दिवस उजाडला. केतकी-निखिल आले, पद्मम्मा आली, मी सकाळपासून हितकबेळ्यांच्या सारूचा घाट घातलेला. परात मध्ये, आम्ही भोवती. पडद्यावर अक्का जांभळ्या रेशमी साडीत आली तेव्हा निखिलनं अशी शिट्टी मारली की रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. एक अक्का तिकडे उंच खुर्चीवर, एक इकडे माझ्या शेजारी, गुडघ्यावर पदर घेऊन दाणे दाबत बसलेली. आणि तिकडची अक्का काय खेळत होती! प्रश्न संपायच्या आत उत्तर. निवेदक म्हणाला, "मेडम, श्वास तर घेऊ द्या मला." सगळं सभागृह हसलं. मी शेजारच्या अक्काच्या पाठीत एक धपका घातला. तिनं वर बघितलं नाही.

शेवटचा प्रश्न स्पर्धकानं निवडलेल्या विषयावर असतो, पर्यायांशिवाय. अक्कानं अर्थात भूगोल घेतला होता. निवेदक म्हणाला, ह्यात नकाशा नाही, सीमा नाही, काहीच नाही. पडदा पांढरा झाला. त्यावर एक निळी रेघ उमटली, आणि त्या रेघेत तीन ठिपके. "हे तीन ठिपके म्हणजे नदीतली बेटं. नदी कोणती?"

अहो, मी उठून उभी राहिले! हा प्रश्न जगात एकाच बाईसाठी काढला होता. "कावेरी!" मी ओरडले, हे ओरडले, निखिल ओरडला, पद्मम्मा तर हात जोडून "तीन रंगनाथ!" म्हणाली. श्रीरंगपट्टण, शिवनसमुद्र, श्रीरंगम्, तीन बेटांवर तीन रंगनाथ, आणि आमच्याकडची माणसं एका दिवसात तिन्ही दर्शनं करून येतात. केतकी म्हणत होती, "नुसत्या रेघेवरून? कसं काय ओळखता तुम्ही लोक?" पडद्यावरच्या अक्कानं बोट उचललं. हवेत ती रेघ तिनं गिरवली, फळ्यावर ओढायची तशीच, तिन्ही ठिपक्यांपाशी जरा थांबत. चेहऱ्यावर हसू होतं. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे इकडेतिकडे बघायला लागले. घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. मी म्हणतेय, "अगं बोल! बोल ना!"

"गोदावरी," अक्का म्हणाली.

 निवेदकानं पाण्याचा घोट घेतला. "लॉक माडोणवा, मेडम?" 

"माडि," अक्का म्हणाली. करा.

 स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि मी दचकले. गोदावरी? कुठे ती रेघ, कुठे गोदावरी! पहिलीतलं पोर चुकणार नाही, आणि चुकली कोण, तर जिनं आयुष्यभर ती रेघ फळ्यावर ओढली ती. माझ्या हातातला दाणा तसाच चिमटीत राहिला. केतकी हळूच म्हणाली, "ट्रिक क्वेश्चन होता का?"  ह्यांनी रिमोट घेऊन आवाज बंद केला. मग मला जे भडकायला झालं! "अक्का! अगं हे काय केलंस? कावेरी! रोज तिचं पाणी पितेस तू!"

अक्का दाणे सोलतच होती. टप, टप, परातीत पडत होते. "आवाज कशाला बंद केलात, मोहनराव?" ती ह्यांना म्हणाली. "पुढे तो माझ्याबद्दल फार छान बोललाय."

आणि मग तिनं सांगितलं. इतक्या सरळ आवाजात, की आधी मला ती दुसऱ्याच कुणाचं सांगतेय असं वाटलं. "नाव घालायच्या आधीची गोष्ट. मी भाजी घेऊन रिक्षात बसले. रिक्षावाल्याला म्हटलं, जे. पी. नगर." जे. पी. नगरला आम्ही राहायचो ते अप्पा असताना, भाड्याच्या घरात. "उतरले, फाटक उघडलं, दार वाजवलं. एक बाई आली. कोण पाहिजे म्हणाली. सुमे, मला सांगताच येईना. तिनं मला पायरीवर बसवलं, पाणी दिलं. पाणी पिता पिता सगळं आठवलं. मी घरी आले आणि तुला म्हटलं, कोथिंबीर चांगली मिळाली नाही."

मला ती कोथिंबीर आठवली. पिवळी पडलेली होती, मी तिच्यावरून बोललेही होते.

"मग टीव्हीसमोर बसले की मला धास्ती वाटायला लागली," अक्का म्हणाली. "उत्तरं येत होती. पण तुम्ही सगळे ओरडता. माझं मला येतंय की तुमचं ऐकून येतंय, तेच कळेना. म्हणून म्हटलं, एकटीनं जाऊन बघावं. राहिलंय का अजून." तिनं हातातला दाणा दाबला, तो उडाला आणि मुक्या टीव्हीच्या काचेवर आपटला. "बाकी सगळं आलं गं. आणि शेवटी ती रेघ आली. मला श्रीरंगपट्टण दिसत होतं. घाटावरच्या पायऱ्या दिसत होत्या. नाव तेवढं नव्हतं. जिथं असायचं तिथं काहीच नव्हतं. मग आतून अप्पा बोलले आणि मी ते म्हणून टाकलं."

पद्मम्माला मराठीतलं सगळं कळत नाही, पण ती पदरानं डोळे पुसत होती. केतकी उठली आणि अक्काच्या मागे जाऊन तिला मिठी मारून उभी राहिली. मी? मी जागची हललेच नाही. मला एकच विचार येत होता, की इतके दिवस ही बाई आमच्यात बसून, आमची थट्टा ऐकत, हे एकटीनं पोटात घेऊन दाणे सोलत होती. चीड, भीती, माया, काय काय एकदम दाटून आलं, आणि तोंडातून निघालं काय, तर "सारू गार होतंय, उठा." कप्पाळ माझं.

त्यानंतर डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर तरुण होती, इथलीच. तीही प्रश्नच विचारायची. आज वार कोणता, आपण कितव्या मजल्यावर आहोत, शंभरातून सात वजा करा. अक्का पाठ ताठ करून बसायची, खुर्ची उंच नव्हती इतकंच. "आत्ता ऋतू कोणता, अज्जी?" अक्कानं बोटं नाकाशी नेली, वास घेतला आणि म्हणाली, "अवरेकाई." डॉक्टरनं क्षणभर कागदाकडे बघितलं आणि खुदकन हसली. "माझी आईसुद्धा हेच म्हणाली असती. बरोबर धरते." त्या दिवशी घरी येताना अक्का रिक्षात गुणगुणत होती आणि मी दुसरीकडे तोंड करून रडत होते. रोगाचं नाव त्या डॉक्टरनं आत मला एकटीला सांगितलं होतं.

ह्या वर्षभरात गोदावरी आमच्या घरात फार वाहिली. किल्ल्या कुठे ठेवल्यास म्हणून विचारावं तर अक्का म्हणते, "गोदावर्याः दक्षिणे तीरे." मीटर बघायला आलेल्या माणसालाही तिनं तेच सांगितलं, आणि तो बिचारा "सरी, मा" म्हणून मागच्या अंगणात शोधत गेला. आम्ही हसतो. तीही हसते. थट्टा करते की खरंच तेवढंच उरलंय, ते कळत नाही, आणि विचारायची माझी छाती होत नाही. जयनगरच्या बाजारात मी तिचा हात धरून चालते. पूर्वी ती माझा धरायची, तसाच, मनगटाला.

आणि आणखी एक झालं. आमचं घर गप्प झालं. कुणी ठरवलं नाही, पण टीव्हीवर प्रश्न आला की आता कुणी ओरडत नाही. आपण ओरडलो तर काय हरवलंय ते तिला कळेल, नाही ओरडलो तरी कळेल. त्यामुळे सगळे खाली बघून बसतात. उत्तर तोंडात येतं आणि गिळावं लागतं. निवेदक एकटाच बोलतो, एकटाच टाळ्या वाजवतो.

तर परवा पद्मम्माच्या शेंगा सोलल्या, भिजवल्या, आणि रविवार होता म्हणून केतकी-निखिलही आले. परात मध्ये, आम्ही भोवती. केतकी चक्क "अवरेकाई" म्हणाली. अक्का दाणे सोलत होती. ते मात्र हाताला पक्कं माहीत आहे, माझ्यापेक्षा भरभर करते. ताटलीत तिनं दाण्यांची एक रांग लावली होती, वाकडीतिकडी. मी बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. तीन जागी दोन-दोन दाणे शेजारी होते.

टीव्हीवर प्रश्न आला. राजमहेंद्री हे शहर कोणत्या नदीच्या काठी आहे?

"गोदावरी!" अक्का ओरडली. पर्याय यायच्या आत. मोठ्यांदा, जुन्या आवाजात.

आम्ही सगळे थिजलो. पडद्यावर पर्याय आले, स्पर्धक घुटमळला, घड्याळ टिकटिकलं, आणि हिरवा दिवा लागला. गोदावरी! निखिलनं शिट्टी मारली. ह्यांनी तर परातीवरून उडी मारून अक्काचे दोन्ही हात धरून हलवले. "अक्का, राजा तुम्हीच!" केतकी नाचायला लागली. वर्षभर गिळलेला सगळा आरडाओरडा त्या एका मिनिटात बाहेर पडला. मीसुद्धा ओरडत होते, आणि ओरडता ओरडता मनात म्हणत होते, देवा, आज तिला हाच प्रश्न दिलास, फार उपकार झाले.

अक्का हसत होती. मग ती माझ्याकडे झुकली. त्या गोंधळात कुणालाच ऐकू गेलं नसेल.

"सुमे," ती म्हणाली, "कावेरी असती तर चुकलं असतं, नाही गं?"